अलाबामाच्या रस्त्यावरची गाणी

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाला लोक हमखास विचारतात, नायगारा पाहिला का? स्वातंत्र्यदेवीचा पुतळा पाहिला का? आम्ही उभयतां गेल्या वर्षी महिनाभर तिकडे राहून आलो. आमचा पुतण्या जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरी नोकरीला आहे. त्याच्या आग्रहामुळे हे घडले, एरवी कारकुनाच्या पगारात एवढी उडी झेपणारी नव्हे. नायगारा आम्ही पाहिला नाही. त्याऐवजी पुतण्याच्या मोटारीतून शेजारच्या अलाबामा राज्यात चार दिवस फिरलो. तेथे पाहण्यासारखे काय? काही चर्च, एक पूल, एक बाग आणि एक लांब रस्ता. पण याच ठिकाणी १९५५ ते १९६५ या दहा वर्षांत अमेरिकेतील काळ्या माणसांनी समतेचा मोठा लढा दिला, आणि तो गात गात दिला.

आम्ही एक प्रश्न मनात घेऊन निघालो होतो. गाण्याने खरोखर काही होते का? लाठी, कुत्री आणि तुरुंग यांच्यापुढे गाणे काय करणार? की गाणे म्हणजे दुःख विसरायला एक विरंगुळा आणि सभेला माणसे जमेपर्यंत वेळ काढायचे साधन? चळवळीत वावरणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो. म्हणून जे पाहिले, ऐकले आणि वाचले ते वाचक बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

मॉन्टगोमेरी

अटलांटाहून मॉन्टगोमेरी सुमारे अडीचशे किलोमीटर. ही अलाबामाची राजधानी. शहराच्या मधोमध डेक्स्टर अॅव्हेन्यू नावाचा रुंद रस्ता आहे. त्याच्या खालच्या टोकाला कोर्ट स्क्वेअरचे कारंजे, तर वरच्या टोकाला टेकाडावर राज्याचे पांढरेशुभ्र विधिमंडळ भवन. रमतगमत चालले तरी पंधरा-वीस मिनिटांत संपणारा हा रस्ता. पण कोर्ट स्क्वेअरच्या परिसरात एके काळी काळ्या माणसांचा लिलाव होत असे, आणि वरच्या भवनापाशी १८६१ साली जेफरसन डेव्हिस यांनी गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांच्या अध्यक्षपदाची शपथ घेतली. त्याच भवनापासून हाकेच्या अंतरावर लाल विटांचे एक बेताचे चर्च आहे. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग १९५४ साली, अवघ्या पंचविसाव्या वर्षी, येथे पाद्री म्हणून आले.

१ डिसेंबर १९५५ रोजी कोर्ट स्क्वेअरच्या थांब्यावर शिवणकाम करणाऱ्या रोझा पार्क्स बसमध्ये चढल्या. गोऱ्या प्रवाशासाठी त्यांनी जागा सोडली नाही म्हणून त्यांना अटक झाली. त्या केवळ दमूनभागून घरी निघालेल्या बाई नव्हत्या. त्या संघटनेच्या कार्यकर्त्या होत्या आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात टेनेसी राज्यातील हायलँडर लोकशाळेत शिबिर करून आल्या होत्या. ५ डिसेंबरपासून काळ्या जनतेने बसगाड्यांवर बहिष्कार टाकला. तो ३८१ दिवस चालला. मोलकरणी, हमाल, धोबिणी मैलोन्मैल पायी कामावर जात राहिल्या, पण बसमध्ये चढल्या नाहीत.

पहिल्याच संध्याकाळी होल्ट स्ट्रीटवरील चर्चमध्ये हजारोंची सभा भरली, आणि सभेची सुरुवात झाली ती सामुदायिक गाण्याने. गाणी तेव्हा जुनीच होती, चर्चमधली स्तोत्रे आणि गुलामगिरीच्या काळातली गीते. दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामाला लिहायला-वाचायला शिकविणे हा कायद्याने गुन्हा होता. अक्षर बंद केलेल्या माणसांनी आपले दुःख आणि आपली आशा गाण्यात साठवून ठेवली. पद्धत सोपी. एकाने ओळ सुरू करायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची, आपल्याकडच्या जलशातल्या झीलकऱ्यांसारखी. त्याला पोथी लागत नाही, पेटी-तबला लागत नाही, पैसा तर मुळीच लागत नाही. टाळी वाजवायला दोन हात पुरतात.

एका गाण्याचा प्रवास

वर जिचे नाव आले ती हायलँडर शाळा १९३२ साली टेनेसी राज्यात सुरू झाली. काळे आणि गोरे कामगार एकत्र राहून, एका पंगतीला जेवून तेथे शिकत. तेथे आम्ही गेलो नाही, पण तिच्यावाचून पुढची गोष्ट कळायची नाही.

१९४५ साली दक्षिण कॅरोलायना राज्यातील चार्ल्सटन शहरी सिगारच्या कारखान्यात संप झाला. संपकऱ्यांत काळ्या स्त्रियांचा भरणा मोठा होता. कारखान्याच्या दारात पहारा देताना त्या एक जुने प्रार्थनागीत म्हणत. मूळ गीतातला माणूस एकटा आहे. मी एके दिवशी संकटावर मात करीन, असे तो म्हणतो. संपकरी स्त्रियांनी त्या ‘मी’चे ‘आम्ही’ केले. संपातल्या काही स्त्रिया पुढे हायलँडर शाळेत आल्या तेव्हा तेथील संगीत शिक्षिका झिल्फिया हॉर्टन यांनी ते त्यांच्याकडून उचलले. त्यांच्याकडून ते लोकगायक पीट सीगर यांच्याकडे गेले. एप्रिल १९६० मध्ये उत्तर कॅरोलायनातील रॅले शहरी काळ्या विद्यार्थ्यांचे मोठे संमेलन भरले. तेथे हायलँडरचे गायक गाय कॅरावान यांनी ते म्हटले आणि तेथून ते साऱ्या दक्षिणेत पसरले. हेच ते ‘वुई शॅल ओव्हरकम’. कवी गिरिजाकुमार माथुर यांनी त्याचे हिंदी रूप केले. ‘हम होंगे कामयाब’ आपली मुले शाळेत म्हणतात ना, ते हेच. सिगार वळणाऱ्या बायांचे गाणे आपल्या मुलांच्या तोंडी आहे, हे किती घरांत ठाऊक आहे?

या गाण्यातले एक कडवे तर मॉन्टगोमेरीच्या एका शाळकरी मुलीने घातले. जुलै १९५९ मध्ये पोलिसांनी रात्री हायलँडर शाळेवर धाड घातली. दिवे गेले. अंधारात पोलीस सामान उलथेपालथे करू लागले. मुले घाबरून गेली. त्यांत चौदा-पंधरा वर्षांची जमीला जोन्स होती. तिने तेच गाणे सुरू केले आणि त्यात नवी ओळ जोडली, आम्हाला भीती वाटत नाही अशा अर्थाची. सगळ्यांनी ती उचलली. एका पोलिसाने तिला म्हटले, गायचेच असेल तर इतक्या मोठ्याने गायलाच हवे का? त्याचा हात थरथरत होता, असे तिने पुढे सांगितले आहे. बंदूक त्याच्या हातात आणि थरथर त्याचीच!

पण ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांची गोष्ट येथे संपत नाही. जॉर्जिया राज्यातील अल्बानी शहरात १९६१-६२ साली मोठा लढा झाला. त्यातून चार तरुण गायकांचे ‘फ्रीडम सिंगर्स’ हे पथक उभे राहिले. त्यातल्या बर्निस जॉन्सन या पाद्र्याच्या मुलीला लढ्यात भाग घेतल्याबद्दल कॉलेजातून काढून टाकण्यात आले होते. एका मोर्चानंतर चर्चमध्ये तिला गाणे म्हणायला सांगितले. जुन्या गीतात ज्या ठिकाणी ‘संकट’ हा शब्द होता तेथे तिने उभ्याउभ्या ‘स्वातंत्र्य’ हा शब्द घातला. पुढे या बाई मोठ्या इतिहास संशोधक झाल्या. २०२४ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे म्हणणे विचार करण्यासारखे आहे. त्या म्हणत, ‘आम्ही’ म्हणताना माणूस दुसऱ्याच्या आड लपू शकतो. पाच माणसे बसली असतील आणि पाचही जणांनी ‘मी’ म्हटले, तर तेथे खरोखर एक समूह आहे असे समजावे.

सेल्माचा पूल

मॉन्टगोमेरीहून सेल्मा ऐंशी किलोमीटर. गाव आज थकलेले दिसते. मुख्य रस्त्यावर बंद दुकाने आहेत, जानेवारी २०२३ च्या वादळाने केलेली पडझड अजून दिसते. वस्ती अठरा हजारांच्या आसपास, आणि तीत बहुसंख्य काळे लोक. ब्राउन चॅपल हे दोन मनोऱ्यांचे लाल विटांचे चर्च आम्ही बाहेरून पाहिले. मग चालत एडमंड पेटस पुलावर गेलो. ज्याचे नाव या पुलाला आहे तो गुलामगिरीच्या बाजूने लढलेला सेनानी होता. ते नाव अजून कमानीवर मोठ्या अक्षरांत आहे.

१९६५ च्या सुरुवातीला या जिल्ह्यात मतदानास पात्र असलेल्या काळ्या लोकांपैकी जेमतेम दोन टक्क्यांची नावे मतदारयादीत होती. नोंदणीचे कार्यालय महिन्यातून दोन दिवस उघडे आणि तेथे काळ्या माणसाला नापास करण्यासाठी प्रश्न तयार! ७ मार्च १९६५ च्या रविवारी सुमारे ६०० स्त्री-पुरुष दोन-दोनच्या रांगेने राजधानीकडे निघाले. पूल मध्यभागी उंच आहे. चढ चढून माथ्यावर येईपर्यंत पलीकडचे काही दिसत नाही. आम्ही मुद्दाम तसेच चालून पाहिले. माथ्यावर आलेल्या त्या लोकांना पलीकडे शस्त्रधारी पोलिसांची भिंत दिसली. तरी ते पुढे गेले. लाठ्या, अश्रुधूर, घोडेस्वार यांचा मारा झाला. रक्त सांडले.

त्या दिवशी पुलावर गाणे नव्हते. माणसे मुक्याने चालत होती. गाणे आले ते रात्री. शेयान वेब ही आठ वर्षांची मुलगी त्या मोर्चात होती. तिने मोठेपणी त्या रात्रीची आठवण लिहून ठेवली आहे. ब्राउन चॅपलमध्ये जखमी लोक बसले होते, कोणी रडत होते, कोणी कण्हत होते. आपण हरलो असे वाटत होते. रात्री उशिरा कोणीतरी अगदी हळू गुणगुणू लागले. कण्हणे कुठे संपले आणि गाणे कुठे सुरू झाले ते कळले नाही. मुलांनी सूर धरला, मग मोठ्यांनी. आवाज वाढत गेला आणि माणसे उठून उभी राहिली. आपल्याला कोणी मागे फिरवू शकणार नाही, अशा अर्थाचे ते गाणे होते.

याच गाण्यात गावोगाव नवी नावे घालीत. अल्बानीत तेथल्या पोलीसप्रमुखाचे आणि महापौराचे नाव. ज्या साहेबाचे नाव घ्यायला माणूस कचरत होता त्याचे नाव टाळीच्या तालावर हजार माणसांनी घेतले, की त्याचा धाक कमी होतो. अशी ही साधी युक्ती होती!

आठच दिवसांनी, १५ मार्च रोजी, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन संसदेपुढे मतदान हक्काच्या कायद्याविषयी बोलले, आणि ‘वुई शॅल ओव्हरकम’ हे शब्द त्यांनी स्वतःच्या तोंडाने उच्चारले. २१ मार्चला मोर्चा पुन्हा निघाला. पाच दिवस, ५४ मैल, पाऊस-चिखल तुडवीत. मॉन्टगोमेरीच्या त्या पांढऱ्या भवनासमोर पोचला तेव्हा २५ हजार लोक होते. ६ ऑगस्ट १९६५ रोजी मतदान हक्क कायद्यावर सही झाली.

याच रस्त्यावर लाउन्डिस जिल्हा लागतो. येथे काळे लोक बहुसंख्य होते, पण १९६५ च्या प्रारंभी त्यांच्यापैकी एकाचेही नाव मतदारयादीत नव्हते. मोर्चानंतर त्यांनी स्वतःचा पक्ष काढला आणि निशाणी घेतली काळा पँथर. त्यावरून १९६६ साली कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर पक्षाने नाव घेतले आणि त्यावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरने. ज्या नावाने आपल्याकडची एक पिढी पेटून उठली त्याचे मूळ गाव या कापसाच्या रानात आहे! आम्ही मोटार थांबवून थोडा वेळ रस्त्याकडेला उभे राहिलो. बाबासाहेबांनी १९४६ सालीच कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून दोन्हीकडच्या दुःखाचे साम्य सांगितले होते, त्याची आठवण झाली.

तुरुंगातली गादी

शेजारच्या मिसिसिपी राज्यातल्या दोन गोष्टी येथे सांगणे आवश्यक वाटते. १९६१ साली बसमधील भेदभाव मोडण्यासाठी निघालेल्या काळ्या-गोऱ्या तरुणांना पार्चमन येथील तुरुंगात डांबले. ते रात्रंदिवस गात. पहारेकऱ्यांनी बजावले, गाणे बंद करा, नाहीतर गाद्या काढून नेऊ. तरुणांनी गाणे चालू ठेवले आणि गाद्या गेल्या. ते लोखंडी पत्र्यावर झोपले. ज्या गाण्यासाठी माणूस अंगाखालची गादी देतो ते गाणे विरंगुळा कसे म्हणायचे?

दुसरी गोष्ट फॅनी लू हेमर यांची. वीस भावंडांतले शेंडेफळ. लहानपणापासून कापूस वेचणाऱ्या या बाई ३१ ऑगस्ट १९६२ रोजी, वयाच्या ४४ व्या वर्षी, आणखी १७ जणांबरोबर बसने तालुक्याला मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या. परत येताना पोलिसांनी बस अडविली. कारण काय, तर बसचा रंग शाळेच्या बससारखा पिवळा आहे! बसमध्ये सगळे भीतीने गप्प झाले. तेव्हा हेमरबाईंनी गाणे सुरू केले आणि एकेक जण त्यात मिसळला. त्याच रात्री जमीनदाराने त्यांना राहत्या जागेतून घालवून दिले. तरी त्या मागे हटल्या नाहीत. पुढे त्यांचा आवाज साऱ्या अमेरिकेने ऐकला.

बर्मिंगहॅमची मुले

चौथ्या दिवशी बर्मिंगहॅमला पोचलो. येथे सोळाव्या रस्त्यावरील बाप्टिस्ट चर्च आणि त्यासमोर केली इन्ग्रॅम बाग. मे १९६३ मध्ये मोठी माणसे तुरुंगात जायला कचरू लागली. गेल्यास नोकरी जाणार, घर जाणार. तेव्हा मुले पुढे आली. रेडिओवर गाणी लावणारे काळे निवेदक मुलांना आडवळणाने निरोप देत. बागेत मोठी मेजवानी आहे, दात घासायचा ब्रश घेऊन या! मुलांना कळे की तुरुंगात मुक्काम आहे. २ मे रोजी शाळा सोडून शेकडो मुले या चर्चमधून तुकड्यातुकड्यांनी टाळ्या वाजवीत, गात बाहेर पडली आणि पोलिसांच्या गाड्यांत बसली. दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर कुत्री सोडली, बंबाच्या पाण्याचा मारा केला. तुरुंग भरले तेव्हा जत्रेच्या मैदानावर मुलांना कोंडले. ती छायाचित्रे जगभर गेली. १० मे रोजी शहराच्या धनिकांना तडजोड करावी लागली. पण सूडही उगवला गेला. १५ सप्टेंबर १९६३ च्या रविवारी याच चर्चमध्ये बॉम्ब उडाला आणि चार मुली ठार झाल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकरा. गुन्हेगारांपैकी शेवटच्याला शिक्षा व्हायला २००२ साल उजाडले.

बागेत कुत्र्यांचे, पाण्याच्या बंबांचे, गजाआडच्या मुलांचे पुतळे आहेत. बाकावर एक वृद्ध काळ्या बाई बसल्या होत्या. कुठून आलात, असे त्यांनीच विचारले. पुतण्या दुभाष्या झाला. त्या मुलांमध्ये आपणही होतो, बारा वर्षांच्या होतो, असे त्या म्हणाल्या. आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, ‘मावशी, भीती नाही वाटली?’ त्या म्हणाल्या, ‘पोटात गोळा आला होता. पण तोंडात गाणे असले की रडायला तोंड मोकळे राहत नाही.’

सौभाग्यवतींनी ‘हम होंगे कामयाब’ म्हणून दाखविले. चाल ओळखून बाई एकदम उठल्या. पुतण्या मोबाईलवर चित्रण करू लागला, तर त्याला म्हणाल्या, ‘ते खिशात ठेव बाळा, दोन्ही हात लागतात.’ त्या लढ्यात हे गाणे म्हणण्याची रीत अशी, की उजवा हात डाव्यावरून घेऊन दोन्ही बाजूंच्या माणसांचे हात धरायचे. आम्ही चौघे तसे उभे राहिलो. त्या इंग्रजीत, आम्ही हिंदीत. आमचा गळा काही गाण्याचा नव्हे, पण तेथे गळा कोणी विचारीत नव्हते.

मग गाण्याने काय झाले?

हा प्रश्न त्या काळी काळ्या समाजातही विचारला गेला. माल्कम एक्स यांनी १९६४ साली गाणी गात बसणाऱ्यांची थट्टा केली होती. नुसते गाऊन मुक्ती मिळत नाही, असा त्यांचा रोख होता. ते म्हणणे खोटे नव्हते. बहिष्कार, न्यायालय, मतनोंदणी, घरोघर हिंडणारे कार्यकर्ते हे सगळे नसते तर गाणे हवेत विरले असते. मिळालेले हक्कही गाण्याने राखले जात नाहीत. २०१३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मतदान हक्क कायद्यातील एक महत्त्वाची तरतूद निकामी केली, आणि तो खटला याच अलाबामातील शेल्बी जिल्ह्याने लढविला होता.

तरीही आमचे मत असे झाले की या लढ्यात गाण्याने एक काम केले, जे दुसऱ्या कशानेही झाले नसते. घाबरलेला माणूस पहिल्यांदा एकटा पडतो. गाण्याने त्याला एकटे पडू दिले नाही. पण त्यासाठी त्याला स्वतः तोंड उघडावे लागले. ऐकणारे गाद्या गमावीत नाहीत, गाणारे गमावतात. म्हणूनच त्या चळवळीत गाणे शिकविणे हे संघटनेचे काम मानले गेले. शिबिरात जसे कायदा शिकवीत, तसेच गाणेही शिकवीत.

आपल्याकडे आता जयंतीला, लग्नाला गाणी वाजतात. कर्णे मोठे झाले, आवाज मोठा झाला. पण घरातल्या किती जणांना एक तरी गाणे शेवटच्या कडव्यापर्यंत पाठ आहे? वीज गेली तर आपल्या वस्तीत काय ऐकू येईल? वाचक भगिनींना आमची एक विनंती आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ अर्धा तास टीव्ही बंद ठेवावा. आजी-आजोबांना ठाऊक असलेले एक गाणे मुलांना शिकवावे, ते कोणी, कोणत्या साली, कशासाठी रचले तेही सांगावे आणि घरातल्या प्रत्येकाला एक-एक कडवे म्हणायला लावावे. सूर चुकला तर चुकू द्या.